पाकिटाची मागची बाजू

विज्ञान शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही अन्नभेसळीवर बोलत होतो. हळदीतला मेटॅनिल यलो, तिखटातली विटांची पूड, दुधातले पाणी अशा नेहमीच्या चाचण्या करून झाल्या. चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका जवळ आल्या. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा रिकामा पुडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गातली निम्मी मुलं मधल्या सुट्टीत हेच खातात. पालकांना विचारलं तर सांगतात, पौष्टिक आहे, पुड्यावरच लिहिलंय. सर, यात खोटं काय आहे ते मला दाखवा."

पुड्यावर कणसांचे आणि दुधाच्या पेल्याचे चित्र होते. 'पाच धान्यांची ताकद' असे ठळक शब्द होते. आम्ही पुडा उलटा केला, चष्मा पुसला आणि बारीक अक्षरांतला मजकूर शेवटपर्यंत वाचला. घटकांच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल. पाच धान्ये होती, पण सगळी मिळून चार टक्के. दूधही होते, यादीच्या शेपटाला, भुकटीच्या रूपात. म्हणजे पुढच्या बाजूवर छापलेली प्रत्येक गोष्ट पुड्यात होती. खोटे असे काही आम्हाला दाखवता आले नाही.

"खोटं काही नाही, आणि तरी आम्ही फसलोच ना? हे कसं काय?" असे त्या म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

एका पाकिटाचे दोन लेखक

पाकिटबंद खाद्यपदार्थाचे वेष्टन एकाच हाताने लिहिलेले नसते. पुढची बाजू विक्रेत्याची. तिथे रंग, चित्रे आणि विशेषणे असतात. मागची बाजू कायद्याने लिहायला लावलेली. तिथे आकडे, याद्या आणि क्रमांक असतात. पुढची बाजू दोन हातांवरून वाचता येते, मागची डोळ्यांजवळ धरावी लागते. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला पुढची बाजू वाचायला दोन सेकंद लागतात. मागची वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि शिवाय थोडे गणित यावे लागते.

मागच्या बाजूवर काय असावे, हे आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली केलेल्या नियमांनी ठरते. सध्याचे वेष्टनमाहितीचे नियम २०२० चे आहेत आणि पदार्थाबद्दल कोणते दावे करता येतील याचे नियम २०१८ चे. त्यांतल्या तीन तरतुदी ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत.

पहिली तरतूद अशी की घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पदार्थ तयार करताना जे सर्वांत जास्त घातले ते सर्वांत आधी. दुसरी तरतूद अशी की एखाद्या घटकाची शब्दांनी किंवा चित्राने जाहिरात केली असेल, तर तो किती टक्के घातला आहे हे सांगावे लागते. वरच्या पुड्यावरचा 'चार टक्के' हा आकडा त्यामुळेच आम्हाला सापडला. तिसरी तरतूद पोषणमाहितीच्या तक्त्याची. १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त मेद, ट्रान्स मेद, कोलेस्टेरॉल आणि सोडियम किती, हे त्यात असते.

म्हणजे माहिती असते. ती ग्राहकापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न वेगळा. ती वाटेत कुठे अडते ते आता पाहू.

साखर खाली कशी घसरते?

घटकयादीचा उतरता क्रम ही चांगली युक्ती आहे, पण तिलाही पळवाट आहे. एक काल्पनिक बिस्किट घेऊ. त्याच्या १०० ग्रॅम मिश्रणात ३४ ग्रॅम मैदा, २२ ग्रॅम तेल, २० ग्रॅम साखर, १० ग्रॅम ग्लुकोज सिरप, ६ ग्रॅम इन्व्हर्ट सिरप आणि बाकी ८ ग्रॅम इतर गोष्टी आहेत. यादी नियमाप्रमाणे अशी होईल: मैदा, तेल, साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप. साखर तिसऱ्या क्रमांकावर गेली. पण सिरपे म्हणजेही साखरेचेच पाक आहेत. तिन्हींची बेरीज ३६ ग्रॅम होते, मैद्यापेक्षाही जास्त. साखर एकाच नावाने आली असती तर यादीत पहिली लागली असती. तीन नावांत वाटली गेल्यामुळे ती खाली घसरली.

म्हणून यादी वाचताना साखरेची टोपणनावे ओळखता यायला हवीत. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. फ्रुक्टोज, माल्टोज, कॉर्न सिरप, मध, गूळ, फळांच्या रसाचा आटवलेला अर्क हे सगळे त्याच कुटुंबातले. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच असतो.

माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. पिष्टमय पदार्थाचे तुकडे करून ते बनवतात. रासायनिकदृष्ट्या ते लांब साखळीचे कर्बोदक असल्याने तक्त्यातल्या 'साखर' या ओळीत मोजले जात नाही. त्या ओळीत फक्त एकशर्करा आणि द्विशर्करा येतात. पण पोटात गेल्यावर त्याचे ग्लुकोज फार लवकर होते. तेव्हा मधुमेह असलेल्या माणसाने 'साखर' या ओळीपाशी न थांबता 'एकूण कर्बोदके' ही ओळही पाहायला हवी.

'एक सर्व्हिंग' म्हणजे कुणाचे?

पुढच्या बाजूवर कधीकधी आकडेही असतात. 'एका सर्व्हिंगमध्ये केवळ ९८ किलोकॅलरी' असा एखादा. आकडा खरा असतो. प्रश्न असतो तो सर्व्हिंग या शब्दाचा. एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे आम्ही नमुन्यादाखल घेतले आहेत, पण क्रीमच्या बिस्किटांना शोभतील असेच आहेत.

पुड्याचे वजन १२० ग्रॅम. एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटे, २० ग्रॅम. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४९० किलोकॅलरी, वरून घातलेली साखर ३३ ग्रॅम, संपृक्त मेद १० ग्रॅम.

एका सर्व्हिंगमध्ये साखर आली ६.६ ग्रॅम. तक्त्यात शेजारीच टक्केवारी असते. ती २००० किलोकॅलरींच्या आहारावर काढलेली असते, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. म्हणजे ६.६ ग्रॅम साखर सुमारे १३ टक्के झाली. फार वाटत नाही.

पण दोन बिस्किटे खाऊन पुडा बाजूला ठेवणारे मूल तुमच्या वर्गात किती आढळेल? मुलाने अर्धा पुडा खाल्ला तर साखर सुमारे २० ग्रॅम पोटात गेली. चहाचा एक चमचा ४ ग्रॅमचा धरला तर पाच चमचे. १३ टक्क्यांचे ४० टक्के झाले.

अजून एक गोष्ट राहिली. २००० किलोकॅलरींचा हा आहार मोठ्या माणसाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज १७०० किलोकॅलरी आहे आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाची १३६०. साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर पाच टक्क्यांच्याही आत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच वर्षांच्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे १३६ किलोकॅलरी, म्हणजे ३४ ग्रॅम साखर. अर्ध्या पुड्याने यातला निम्म्याहून अधिक वाटा संपवला. चित्रातले हसरे मूल पाच वर्षांचे, आणि मागची टक्केवारी त्याच्या वडिलांची!

मिठाचीही अशीच गंमत आहे. तक्त्यात मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते, तेही मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम शेव-चिवड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झाले. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे.

'नाही' या शब्दाचा व्यापार

पदार्थात काय आहे यापेक्षा काय नाही, हे सांगून आज जास्त विकले जाते. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे वाचले की वाटते, कंपनीने काही खास प्रक्रिया करून ते काढले असावे. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या पेशींतला पदार्थ. वनस्पतींत तो नगण्य असतो. म्हणून सगळीच खाद्यतेले 'कोलेस्टेरॉलमुक्त' आहेत, घाण्यावरचे सुटे तेलसुद्धा. दावा खरा आहे, पण तो त्या कंपनीचा पराक्रम नाही. आणि तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी ही त्याची ऊर्जा काही कमी होत नाही.

'मुक्त' या शब्दाला नियमांत ठराविक अर्थ आहे. 'शुगर फ्री' म्हणवून घ्यायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक असता कामा नये. 'फॅट फ्री'लाही तीच मर्यादा आहे. पण 'शुगर फ्री' बिस्किटात तूप-तेल किती असावे यावर हा शब्द काहीच सांगत नाही. 'फॅट फ्री' गोळीही जवळजवळ सगळी साखरेचीच असू शकते. एका दाराला कुलूप लावल्याची जाहिरात करायची आणि दुसरे दार सताड उघडे ठेवायचे, असा हा प्रकार.

'नो अॅडेड शुगर' म्हणजे साखर वरून घातलेली नाही, एवढेच. मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसात फळाची स्वतःची साखर १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास असतेच. साखरेऐवजी आटवलेला रस किंवा खजुराची पेस्ट घालून मात्र हा दावा करता येत नाही, असे नियम सांगतो.

रसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक उदाहरण. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून तयार केलेल्या रसाच्या खोक्यांवर '१०० टक्के फळांचा रस' असे छापले जाई. घटकयादीत मात्र पहिले नाव पाण्याचे असे. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा दावा वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून काढून टाकण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही वेष्टनांवरील दावे दिशाभूल करू शकतात असा स्पष्ट इशारा आहे.

फसवणूक जिवावर बेतते तेव्हा

बिस्किटांची फसवणूक हळूहळू अंगात मुरते. पण एकच शब्द काही तासांतही घात करू शकतो. हा अनुभव आम्हाला आमच्याच घरात आला.

काही वर्षांपूर्वी आमच्या तीन वर्षांच्या भाच्याला जुलाब सुरू झाले. आम्ही औषधांच्या दुकानातून एक खोके आणले. खोक्यावर फळांचे चित्र होते आणि नावात 'ओआरएस' ही अक्षरे मोठी होती. दुकान औषधांचे, अक्षरे ओळखीची. मागची बाजू वाचावी असे मनातही आले नाही. विज्ञानातली डॉक्टरेट त्या वेळी आमच्या काहीच उपयोगी पडली नाही. मुलाने ते आवडीने प्यायले आणि जुलाब वाढले. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी खोके पाहून विचारले, "हे कोणी सांगितलं?" मग त्यांनी पुड्यातली साधी जलसंजीवनी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून द्यायला सांगितली. मूल सावरले. पण मागची बाजू आम्ही त्या रात्री वाचली, ती आधी वाचायला हवी होती.

यामागचे विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. नुसते पाणी पाजून ते पुरेसे शोषले जात नाही. लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारे वाहक असतात. हे दोन्ही आत गेले की त्यांच्यामागून पाणी जाते. हीच जलसंजीवनीची किल्ली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे द्रावण पिंपांतून वाटले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

यात प्रमाणाला फार महत्त्व आहे. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. या द्रावणाची परासारिता, म्हणजे त्यातल्या विरघळलेल्या कणांची संख्या, लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल असते. रक्ताची असते २९० च्या आसपास. द्रावण रक्तापेक्षा पातळ असल्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते.

आता फळांच्या स्वादाचे गोड पेय घेऊ. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम साखर. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणून ही झाली सुमारे २९२ मिलिमोल. आतड्यात साखरेच्या प्रत्येक रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. कणांची संख्या ५८० च्या पुढे गेली, रक्ताच्या दुप्पट. आता पाणी उलट्या दिशेने, शरीरातून आतड्याकडे ओढले जाते. जुलाब थांबण्याऐवजी वाढतात.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षे झुंज दिली. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी जुलैमध्ये 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही' अशी सूचना छापण्याच्या अटीवर मुभा दिली. म्हणजे नाव पुढे मोठ्या अक्षरांत आणि सूचना वेगळी. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती मुभा काढून घेण्यात आली. आधी-नंतर कोणतेही शब्द जोडले तरी अशा पेयाच्या नावात 'ओआरएस' चालणार नाही, असे त्या आदेशात स्पष्ट केले आहे.

सूचना छापलेली असताना खोक्यावर खोटे काही नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. तीन अक्षरे आणि त्यांचा इन्कार करणारी ओळ, दोन्ही एकाच खोक्यावर होती. घाबरलेल्या आईने त्यातले कोणते वाचावे?

दोष वाचणाऱ्याचा नाही

आता त्या शिक्षिकांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. खोटे न बोलता फसवता येते, कारण खरे कुठे, केवढ्या अक्षरांत आणि कोणत्या एककात सांगायचे याची निवड बहुतांशी सांगणाऱ्याच्या हातात असते. 'ग्राहकाने जागरूक असावे' हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे.

भाषेचेच पाहा. वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की नियम पाळला जातो. इतर भाषा वापरायला मनाई नाही, पण बंधनही नाही. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या आईला 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा हे कळावे अशी व्यवस्थाच नाही. आकाराचेही तसेच. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्याला घटकयादी आणि पोषणमाहिती छापण्यापासून सूट आहे. ती मोठ्या वेष्टनावर दिली की पुरते, आणि मोठे वेष्टन दुकानातच राहते. शाळेबाहेरच्या टपरीवर मूल स्वतःच्या पैशाने घेते त्या चिमुकल्या पुड्या बहुधा याच मापाच्या. सर्वांत लहान ग्राहकाला सर्वांत कमी माहिती मिळते.

काही देशांनी यावर सोपा उपाय केला आहे. चिलीमध्ये जून २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा ऊर्जा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पदार्थाच्या पुढच्याच बाजूवर काळा अष्टकोन छापावा लागतो. त्यावर 'साखर जास्त' असे थेट शब्द असतात. गणित ग्राहकाने करायचे नाही, ते आधीच केलेले असते. अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिराती आणि शाळांतील विक्री यांवरही तिथे बंदी आली. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा, की 'जास्त'चा शिक्का बसलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आपल्याकडे २०२२ मध्ये प्राधिकरणाने ताऱ्यांच्या पद्धतीचा मसुदा मांडला. त्यात फळे, तंतू, प्रथिने यांचे गुण साखर-मिठाच्या दोषांतून वजा होतात. याला आहारतज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि आम्हालाही तो पटतो. तारा कौतुकाचे चिन्ह आहे, आणि दीड तारा मिळालेला पदार्थही दीड ताऱ्याने चांगलाच वाटतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीच्या तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले. पुढच्या बाजूवर काय छापायचे हा वाद तांत्रिक वाटला तरी मुळात प्रश्न एवढाच आहे, की ती जागा कुणाची?

वर्गात काय करता येईल?

नियम बदलेपर्यंत शाळेला बरेच करता येते. मुलांना एक आठवडाभर घरातली आणि टपरीवरची रिकामी वेष्टने जमवायला सांगा. सातवी-आठवीच्या मुलांचे गट पाडा. प्रत्येक गटाने कागदाच्या डाव्या अर्ध्यात पुढच्या बाजूचे दावे लिहावेत, उजव्या अर्ध्यात मागच्या बाजूचे पहिले तीन घटक आणि १०० ग्रॅममधली साखर, मीठ, संपृक्त मेद. मग आपण प्रत्यक्षात किती खातो ते प्रामाणिकपणे लिहून हिशोब करावा. गुणोत्तर आणि शेकडेवारीची याहून चांगली उदाहरणे पुस्तकात मिळणार नाहीत. अक्षरांची उंची पट्टीने मोजून तीही लिहावी.

शाळेच्या तराजूवर तेवढी साखर तोलून पारदर्शक पिशवीत भरा आणि वेष्टनाशेजारी टांगा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले आहे. राज्य मंडळाच्या शाळेने ते स्वतःहून करायला काय हरकत आहे?

परासरण दाखवायला मनुका पुरतात. काही मनुका साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, त्या फुगतील. फुगलेल्या मनुका साखरेच्या दाट पाकात टाका, काही तासांत पुन्हा सुरकुततील. पाणी कोणत्या बाजूला गेले हे मुलांनाच सांगू द्या, आणि मग जलसंजीवनीची गोष्ट सांगा.

कायद्याचाही उपयोग करून घ्यावा. २०२० च्या नियमांप्रमाणे मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. वेष्टनावरचा दावा फसवा वाटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. २००६ च्या कायद्यातील कलम ४० नुसार साध्या ग्राहकालाही शुल्क भरून पदार्थाची तपासणी करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ दोषी ठरला तर शुल्क परत मिळते.

त्या शिक्षिकांनी पुढे हा उपक्रम आपल्या वर्गात केला आणि मुलांचे तक्ते आम्हाला पाठवले. हिशोबात काही चुका होत्या, दशांशचिन्हे इकडची तिकडे गेली होती. एका तक्त्याच्या खाली मात्र मुलीने पेन्सिलीने लिहिले होते: "माझ्या आजीला मागचे वाचता येत नाही. मग ते पुढे का लिहीत नाहीत?"

आम्ही वर दोन-अडीच हजार शब्द खर्च केले, पण विचारायचे होते ते एवढेच. आपल्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांच्या नोंदी, विशेषतः त्यांचे प्रश्न, आम्हाला जरूर कळवावेत.